रिकाम्या हूकचं वजन

१

सकाळी शेडचं शटर वर गेलं की ताईचा पहिला नमस्कार ट्रकला असायचा. माणसांची पाळी चहानंतर. ट्रक लष्कराच्या लिलावातून आणलेला, बोजड आणि अवाढव्य. वरून पिवळा रंग फासलेला असला तरी दारांच्या कडांना जुना हिरवा डोकावायचा. बारक्या म्हणायचा, "ताई, तुझा हा नवरा निवृत्त झाला तरी गणवेश काही सोडत नाही." त्यावर ताई हातातला पाना त्याच्यावर उगारायची. बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. नावालाच बारक्या, एरवी दाराच्या चौकटीला डोकं आपटेल एवढा उंच. आईवडील गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याला लहानाचा मोठा ताईने केला आणि त्याचं लग्नही तिनेच लावून दिलं. त्याचा अभिमान ती लपवतही नसे.

खोल विहिरींत अडकलेले पंप उपसून काढायचे, हा दोघांचा धंदा. बारक्या पट्टा बांधून हूकला लटकायचा आणि खाली उतरायचा. ताई वर ट्रकमागच्या लिव्हरवर. बारक्या खाली असताना त्या लिव्हरला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही, मग तो कुणी का असेना. लग्न होऊन आली तेव्हा भावजयीने घाबरत विचारलं होतं, "वन्सं, ह्यांना खाली काही झालं तर?" ताई म्हणाली होती, "मी सोडते त्याला खाली. मीच वर आणते. तू पोळ्या लाटून ठेव." एवढ्यावर तो विषय संपला होता.

कामाला निघण्याआधी एक ठरलेला रिवाज होता. चाकांना ठोकळे लावायचे, इंजिन चालू करायचं, क्लच दाबून पीटीओचा दांडा ओढायचा. मग इंजिनाची ताकद चाकांकडे न जाता हायड्रॉलिक पंपाकडे जाते, पंप तेल ढकलतो आणि त्या तेलाच्या जोरावर ट्रकमागची भुजा उठते, भुजेवरची विंच, म्हणजे हूकची वायर गुंडाळणारा रहाट, फिरते. मग ताई मागे येऊन हूक रिकामाच थोडा वर उचलायची आणि प्रेशरच्या काट्याकडे बघायची. रिकाम्या हूकला काटा जिथे थांबायचा, तिथे काचेवर लाल रंगाची रेघ होती. काटा रेघेवर, तर यंत्र शहाणं. विंच छोटी, त्यामुळे नुसता माणूस लटकला तरी काटा बोटभर चढायचा.

त्या दिवशी हूक रिकामा होता आणि काटा रेघेच्या बोटभर वर जाऊन थांबला.

२

यंत्र म्हटलं की कुरकुर आलीच. ताईने मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री म्हणजे ट्रकला हा पीटीओ आणि भुजा नीट बसवून देणारे काका. तोंडाने फटकळ, हाताने गुणी. ते विहिरीच्या कामांवरही सोबत यायचे.

"तेल घट्ट झालं असेल," ते म्हणाले. तेल बदललं. काटा वरच.

"फिल्टर तुंबला असेल." फिल्टर बदलला. काटा वरच.

"गेजच येडं झालंय." नवीन गेज आणलं, जुन्यावरच्या रेघेशी नीट ताडून तशीच लाल रेघ ओढली, आणि नव्याचा काटाही शहाण्यासारखा तिथेच जाऊन उभा राहिला. मिस्त्रींनी टोपी काढून डोकं खाजवलं. हात टेकायची त्यांना सवय नव्हती.

ताईला मात्र काट्यापेक्षा आवाजाने छळलं होतं. हूक रिकामा उचलला की इंजिन मोकळं गुणगुणायला हवं. ते दबत होतं. ओझं घेतल्यावर माणसाचा श्वास जड होतो तसा त्याचा सूर खाली यायचा. तेवढंच नाही. शेडच्या उघड्या बाजूने वारा यायचा, खिळ्याला अडकवलेल्या पिशव्या फडफडायच्या, आणि भुजेवरून लोंबणारी ती रिकामी वायर जराही डुलायची नाही. ओळंब्यासारखी सरळ, ताठ उभी असायची. ताईने ती बोटाने ढकलून पाहिली. वायर हलली, पण सावकाश, आणि सावकाशच परत आली. तिने हात झटकन मागे घेतला आणि मग स्वतःवरच चिडली.

"नवीन वायर ताठच असते," तिने स्वतःला समजावलं. वायर नवीन नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं.

बारक्याला यात मजाच मजा. तो म्हणाला, "थांब, मोजूनच टाकू." जुन्या, बिघाडाच्या आधीच्या हिशोबाने तो लटकला की काटा किती चढायचा, ते ताईला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. त्याने हूकला पट्टा अडकवला आणि पाय उचलले. काटा आणखी बोटभर चढला.

"बघ," खाली उतरून तो हसत म्हणाला. "रिकामा असताना एक बोट. मी लटकलो की दोन. म्हणजे माझ्याच अंगापिंडाचा कुणीतरी तिथे आधीपासून लटकलाय. जुळा भाऊ माझा! इतकी वर्षं लपवून ठेवलास होय?"

"तोंड आवर," ताई म्हणाली. तिला हसू आलं नाही.

शेवटी मिस्त्रींनी अशा वेळी कारागीर जे करतात तेच केलं. जुनी रेघ पात्याने खरवडली आणि बोटभर वर नवीन लाल रेघ ओढली. "काय अडलंय ते सापडेल तेव्हा सापडेल. पंप ठीक, वायर ठीक, ब्रेक ठीक. कशाचं वजन दाखवतोय कोण जाणे, पण रोज तेवढंच दाखवतोय ना? मग वजा करून टाकायचं. आजपासून हाच रिकामा हूक."

ताईला ते पटलं. पटायलाच हवं होतं, कारण काम तुंबलं होतं आणि दुसरा इलाजही नव्हता. काचेवर जुन्या रेघेचा पुसट गुलाबी ओरखडा तेवढा उरला.

३

पुढची विहीर एका बंद पडलेल्या धुलाई कारखान्याच्या आवारात होती. मालकाला कारखाना पुन्हा सुरू करायचा होता आणि विहिरीतला पंप निघत नव्हता. दुपारचं लख्ख ऊन. चारी बाजूंना खडी पसरलेली, एका कडेला कपडे वाळवायच्या रिकाम्या तारा. कामाला तिघंच होते: ताई, बारक्या आणि मिस्त्री.

इंजिन चालू असलं की बोललेलं काही ऐकू येत नाही, आणि इंजिन बंद तर पंप बंद. म्हणून खुणा ठरलेल्या असायच्या. विहिरीतून वर येणाऱ्या लोखंडी पाइपावर मिस्त्री तळहात ठेवून उभे राहायचे. खालून बारक्या पाइपावर पाना ठोकायचा, त्यांना तो हाताला लागायचा. उचल म्हटलं की मिस्त्री अंगठा वर करायचे. ताईची नजर एकदा मिस्त्रींच्या हातावर आणि एकदा काट्यावर.

बारक्या काठावर बसला, पट्टा ओढून पाहिला आणि ताईला एक कडक सलाम ठोकला. पाय मोकळे सोडताच काटा नव्या रेघेच्या बोटभर वर गेला. सगळं हिशोबात. ताई त्याला हळूहळू खाली सोडत गेली. आधी त्याचं पिवळं हेल्मेट दिसत होतं, मग नुसता दिवा, मग तोही नाही.

तळाशी पोहोचून तो पट्टा सोडवतो आणि पाना ठोकतो. मग हूक त्याच्या डोक्यात लागू नये म्हणून ताई वायर थोडी वर घेते. मिस्त्रींनी खूण केली. ताईने लिव्हर जरासा ओढला.

इंजिन मोकळं गुणगुणलं. कितीतरी दिवसांनी तिने तो सूर ऐकला आणि क्षणभर तिला बरंच वाटलं. मग तिने काट्याकडे पाहिलं. काटा नव्या रेघेवर आला होता आणि तिथे थांबला नाही. तो आणखी खाली गेला आणि जुन्या, खरवडलेल्या ओरखड्यावर येऊन निवांत उभा राहिला.

वायर वाऱ्यावर डुलायला लागली.

बिघाड सुटला, ती मनात म्हणाली. काहीतरी अडकलं होतं ते निघालं. यंत्रात असं होतं. पण तिचं अर्धं आयुष्य ओझी वरखाली करण्यात गेलं होतं, आणि काट्याची भाषा तिला येत होती. हूकवरून एक माणूस उतरला तेव्हा काटा दोन माणसांचा उतरला होता.

४

"त्याला वर बोलवा!" ती ओरडली. इंजिनाच्या आवाजात मिस्त्रींना काही कळलं नाही. तिने हातवारे केले. मिस्त्रींनी भुवया उंचावल्या, मग खांदे उडवून पाइपावर परत बोलावण्याचे ठोके दिले. उत्तर येईना. ताईचा जीव टांगणीला लागला. तिने दोन्ही हात लिव्हरवर घट्ट रोवले.

मिस्त्रींच्या तळहाताला काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी अंगठा वर केला.

ताईने उचल दिली. विंच फिरायला लागली, वायर ड्रमवर गुंडाळत गेली. इंजिन तसंच मोकळं, हलकं. काटा ओरखड्यावरून तसूभरही हलला नाही. तिला वाटलं, हूक रिकामाच येतोय. पट्टा लागलाच नसेल, किंवा निसटला असेल. ती थांबणार एवढ्यात विहिरीच्या तोंडातून पिवळं हेल्मेट वर आलं.

बारक्या होता. दोन्ही हातांनी वायर धरून, तिच्याकडे बघून हसत. तो हूकला लटकला होता आणि वायर त्याच्यासकट डुलत होती, वाळत घातलेला सदरा डुलतो तशी. पट्टा मांडीत रुतायला हवा होता. तो सैल, नुसता गुंडाळलेला दिसत होता.

मिस्त्रींनी त्याला हाताला धरून काठावर घेतलं. काटा तिथेच राहिला.

ताई जागची हलली नाही. लिव्हर सोडून भावाला मिठी मारावी असं तिच्या मनात आलंच नाही, आणि ते आलं नाही याचीच तिला भीती वाटली. बारक्या चालत तिच्या शेजारी आला. चेहरा तोच, हनुवटीवरची लहानपणीची खोकही तीच. बुटांना चिखल नव्हता. तळाला कमरेएवढं पाणी असल्याचं मालकाने सांगितलं होतं, आणि याच्या विजारीची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

तो तिच्या कानाजवळ वाकला. इंजिन चालू असूनही त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"झालं काम, ताई. चल घरी."

"पंप?"

"राहू दे. चल."

"बारक्या, जरा हूकला लटक. काटा बघायचाय मला."

एरवी या गोष्टीला तो माकडासारखा उडी मारून तयार झाला असता. तो नुसता हसला. "आता कशाला?"

एकही टोमणा नाही, एकही फाजील शब्द नाही. वर आल्यापासून त्याने तिला एकदाही चिडवलं नव्हतं. आणि ताईला एवढंच कळलं, बाकी काही कळण्याच्या भानगडीत ती पडलीही नाही. कोण, कुठला, ट्रकवर कधीपासून, ते असो. तिने जेवढं वजन खाली सोडलं होतं तेवढं वर आलेलं नव्हतं. माणूस अजून विहिरीत होता.

तिने दात आवळले आणि हूक पुन्हा खाली सोडला.

५

मिस्त्री हात हलवत धावत आले. "अगं, डोकं फिरलं काय तुझं? कोणासाठी सोडतेस? हा काय उभा आहे ना तुझ्याजवळ!"

"काका, पाइपाला हात लावा."

"ताई..."

"हात लावा म्हणते ना!"

मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडे बघून परत पाइपाकडे गेले. शेजारी उभा असलेला फक्त बघत होता, आधी तिच्या हातांकडे, मग भुजेकडे, मग पंपाकडे जाणाऱ्या नळ्यांकडे. वायर उतरत राहिली. ताईने तळाचा अंदाज घेऊन लिव्हर सोडला. मिस्त्रींचा तळहात पाइपावर, चेहऱ्यावर रागाची आठी.

मग ती आठी विरली. मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पाइपाकडे पाहिलं, ताईच्या शेजारी उभ्या असलेल्याकडे पाहिलं, पुन्हा पाइपाकडे पाहिलं. त्यांचा दुसरा हात हळूहळू वर आला. अंगठा वर होता.

ताईने लिव्हर ओढला. इंजिन दबलं. काटा उठला, ओरखड्याच्या बोटभर वर गेला आणि थांबला. एका माणसाचं वजन. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही, कारण हात मोकळे नव्हते. वायर ताठ, सरळ वर येत होती. मिस्त्री विहिरीत वाकून बघत होते. त्यांना खाली उजेड दिसला असावा, कारण ते जोरजोरात मान हलवायला लागले.

शेजारची जागा रिकामी झाली होती. तो ट्रकच्या बाजूने पुढे, केबिनकडे चालला होता. ताईला कळलं तो कुठे चाललाय. पीटीओचा दांडा आणि इंजिनाची चावी केबिनमध्येच होती. तिला धावत जाऊन त्याला अडवता आलं असतं. पण बारक्या वायरला लटकलेला असताना लिव्हर सोडायचा नाही. ती तिथेच उभी राहिली आणि उचल देत राहिली. जेवढं वर येईल तेवढं.

दार उघडल्याचा आवाज झाला. इंजिन एकदम बंद पडलं.

६

एवढ्या गोंगाटानंतरची शांतता कानात दुखते. विंच जिथल्या तिथे अडकून उभी राहिली. ओझं खाली पडणार नव्हतं, तेवढं काम ब्रेकने केलं. पण ते वरही येणार नव्हतं.

आणि त्या शांततेत विहिरीतून, अगदी काठाजवळून आवाज आला.

"ताई! झोपलीस की काय? पाय गारठून गेले इकडे माझे, आणि तू बाई हवा खात बसलीस!"

ताईच्या तोंडून हुंदका फुटला आणि त्यातच हसूही. त्याच वेळी केबिनमधून तोच आवाज आला, शांत आणि मायेने भरलेला.

"ताई, पुरे कर. घरी चल ना. मी आहे ना."

मिस्त्री विहिरीच्या काठावर पालथे पडले होते. "हात पोहोचत नाही गं! दोन हात खाली आहे. दोनच हात!"

इंजिनाशिवाय विंच फिरत नाही. पण अशा ट्रकमागे आणीबाणीसाठी एक हातपंप असतो. लांब दांडा, खालीवर हापसायचा. त्याने विंच नाही तरी भुजा उचलता येते, केसाकेसाने. वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. ताईने खोबणीतला दांडा उपसला, बसवला आणि अंगातलं सगळं बळ लावून दाबला. गंजलेला गज किंचाळला. भुजा हलली नाही. तिने पुन्हा दाबला. तेल नळीत सरकल्याचं तिच्या तळव्यांना जाणवलं. पुन्हा. भुजेचं टोक एवढंसं उचललं गेलं.

"येतोय!" मिस्त्री ओरडले. "येतोय, थांबू नकोस!"

"ताई," केबिनमधला आवाज म्हणाला. "त्याला वर घेतलंस तर मी कुठे जाऊ?"

तिचा हात एका क्षणासाठी थांबला. तो बारक्याचाच आवाज होता, आणि तो एकटा होता. तिला खरंच त्याची दया आली. मग तिने दांडा दाबला. खांदे पेटले, तळहाताची कातडी सोलवटली, घाम डोळ्यांत उतरला. केबिनचं दार बंद झालं. खडीवर पावलं वाजायला हवी होती, ती वाजली नाहीत. पण ट्रकच्या पिवळ्या पत्र्यावर, उन्हात, तिच्या वाकलेल्या सावलीशेजारी आणखी एक उंच सावली येऊन थांबली. ती सावली वाकली. तिच्या खांद्यावर हात ठेवल्याचं पत्र्यावर दिसलं. खांद्याला काहीच जाणवलं नाही.

ताईने मान वळवली नाही.

"काका!" ती धापा टाकत ओरडली. "लागला का हात?"

विहिरीच्या काठावर मिस्त्रींनी कुणाचं तरी मनगट पकडलं होतं. ओढता ओढता त्यांचे बूट खडीत रुतत होते, आणि ते म्हातारे गृहस्थ लहान मुलासारखे रडत होते.

"जड आहे गं, ताई!" ते ओरडत होते. "जड आहे! लई जड आहे!"

ताईने दांडा पुन्हा खाली दाबला.